बोट कुठं थांबलं

शाहीन बाजी, मी आज जे काम करतो ते कोणामुळे, असं मला कोणी विचारलं तर माझ्याकडे एकच नाव आहे आणि ते तुमचं आहे. आईबाबांनी शाळेत घातलं, कॉलेजात घातलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर केला. मग बाबा हात जोडून म्हणाले, "आता याच्यापुढचं आमाले नाही समजत, बापा." त्या पुढच्या रस्त्यावर पहिलं माणूस भेटलं ते तुम्ही.

तुमच्या मातीला मला पोचता आलं नाही. तुमच्या भाचीचा, झोयाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो. मिळेल त्या गाडीनं निघालो, पण अमरावतीला उतरलो तोवर सगळं आटोपून लोक घरी परतले होते. दारात चपलांचा ढीग होता, आतून बायकांचा हलका आवाज येत होता. झोयानं मला ओसरीत बसवलं, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आधीच सांगितलं, "भैया, तुमचं पत्र आलं होतं. खालानं हातात घेतलं होतं."

"वाचलं?"

"वाचायला घेतलं. चष्मा मागितला. एका जागी हसल्या पण. मग म्हणाल्या, थकले, उरलेलं उद्या वाचीन. घडी घातली आन् उशीखाली ठेवलं."

तो उद्या आला नाही. मी झोयाला विचारलं, "कुठं थांबल्या? कोणत्या ओळीवर?"

रडून झोयाचे डोळे सुजले होते, आणि मी पाहुण्यासारखं दोन शब्द बोलायचं सोडून हे विचारत होतो. पण बाजी, या प्रश्नाची सवय मला तुम्हीच लावली आहे. समोरचा माणूस फोनवरचं पान बघत असतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोटाकडे बघायचं. तोंड भिडेखातर खोटं बोलतं. बोट जिथं थांबलं तिथं काहीतरी अडलंय, किंवा काहीतरी भावलंय. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं की आता मी जेवताना पंगतीतल्या लोकांची बोटंसुद्धा बघतो. आणि तुमचं बोट कुठं थांबलं ते मात्र मला कळलं नाही.

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा आलो तेव्हा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका होत्या. परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर तुमचं ऑफिस. खाली टायर ठोकल्याचा आवाज, वर दोन टेबलं आणि भिंतभर चिकटवलेले कागद. बेंगळुरूची नोकरी सोडून तुम्ही अब्बांच्या दुखण्यासाठी परत आलात आणि मग इथंच राहिलात, एवढं मला बाहेरून कळलं होतं. फोनवरचं पान वापरणाऱ्याला सोपं जावं, त्याचा गोंधळ होऊ नये, म्हणून ते आधी विचार करून आखायचं, या कामाला यूएक्स डिझाइन म्हणतात हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. त्यासाठी कोणती कौशल्यं लागतात तेही वाचलं होतं आणि बार्शीटाकळीहून निघालेल्या एसटीत बसून पाठ केलं होतं, परीक्षेसारखं.

मी आत आलो आणि सवयीनं "जय भीम" म्हणून गेलो. म्हणताक्षणी गडबडलो, इथं दुसरं काही म्हणायला हवं होतं की काय. तुम्ही कागदावरून मान न उचलता म्हणालात, "वालेकुम जय भीम. बस."

मी बसलो. "मॅडम, मी आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?"

"गप बसता येते काय तुले?"

मला वाटलं, रागावल्या. मी गप्प झालो. तुम्ही हसलात. "तसं नाही रे. मॅडम नको म्हणू, बाजी म्हण, मोठ्या बहिणीले म्हणतात तसं. सॉफ्टवेअर शिकवणारे गल्लीगल्लीत आहेत. गप बसायले शिकवणारी मी एकटीच आहो."

मग मला तुम्ही अमरावतीच्या एसटी स्टँडवर पाठवलं. वेळापत्रकाच्या पाटीसमोर बस आणि लोक काय करतात ते बघ, एवढंच सांगितलं. मी बसलो आणि परत येऊन सांगितलं, पाटीवरची अक्षरं बारीक आहेत, मोठी करायला पाहिजेत. तुम्ही म्हणालात, "जाय परत." दुसऱ्या खेपेला मी सांगितलं, पाटी उंचावर आहे, खाली घ्यायला पाहिजे. "सुगतराव, मी तुमाले पाटी पाहाले नाही, माणसं पाहाले धाडलं." तुम्ही मला सुगत म्हणायच्या. सुगतराव झालो की समजायचं, बाजी चिडल्या.

तिसऱ्या खेपेला मी पाटीकडे पाठ करून बसलो. तेव्हा दिसलं. लोक पाटी नीट वाचत होते, अगदी बोट फिरवून वाचत होते, आणि वाचून झालं की शेजारच्याला विचारत होते, "परतवाडा गेली काय हो?" पाटीवर गाडी कधी येणार ते लिहिलं होतं. लोकांना ती गेली का ते पाहिजे होतं. अक्षरं कितीही मोठी केली असती तरी ते उत्तर त्या पाटीत नव्हतंच.

हे मी धापा टाकत जिना चढून सांगितलं. तुम्ही चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणालात, "आता तू कामाले लागला."

बाजी, मी त्यानंतर पुण्यात पुष्कळ शिकलो. पण एवढा आनंद मला कुठल्याच प्रमाणपत्रानं दिला नाही.

तुमचा चहाचा नियम आता माझ्या टीममधल्या सगळ्यांना पाठ आहे. वापरणाऱ्याच्या हातात आपलं पान दिलं की आपण चहाचा कप तोंडाला लावायचा, आणि कप रिकामा होईस्तोवर एक शब्द बोलायचा नाही. तो चुकला तरी नाही. त्यानं विचारलं, "हे दाबू काय?" तरी नाही, नुसतं हसायचं. मला ते फार जड जायचं. आमच्या गावात कोणी रस्ता चुकला तर आम्ही त्याला घरापर्यंत नेऊन सोडतो. माणूस डोळ्यांसमोर चुकतोय आणि आपण चहा पीत बसायचं, हे मला पापासारखं वाटायचं. तुम्ही म्हणायच्या, "तू आज त्याले सांगशीन. उद्या तो घरी एकटा असन, तवा कोण सांगन?"

आणि आई. तुम्ही आमच्या गावी आलात तेव्हा मी हौसेनं बँकेच्या कामाची कागदावर काढलेली पानं आईपुढे ठेवली. आईनं सगळं बघितलं आणि म्हणाली, "लय छान झालं माय. सगळं समजलं." मी तुमच्याकडे विजयी नजरेनं बघितलं. तुम्ही आईला फक्त एवढंच विचारलं, "मावशी, मंग पैसे कुठून पाठवान?" आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे, आणि म्हणाली, "ते हा पाठवन ना." तुम्ही दोघी इतक्या हसलात की शेजारची माणसं बघायला आली. परत जाताना म्हणालात, "आई आपल्याले कधी नापास नाही करत. म्हणून आईले परीक्षक नेमायचं नाही." जाताना आईनं तुमच्या पिशवीत तुरीच्या शेंगा भरल्या. त्या दिवसापासून ती फोनवर आधी तुमची तब्येत विचारायची, मग माझी. आता परवा मी तिला तुमची बातमी सांगितली. ती एवढंच म्हणाली, "तिनं मले मावशी म्हणलं होतं."

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आपल्यात राहून गेली.

कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीचं काम आपल्याला मिळालं होतं. कोणत्या अळीवर कोणतं औषध आणि किती पाण्यात, हे शेतकऱ्याला फोनवर सांगायचं होतं. आमच्याकडे कपाशीला पराटी म्हणतात, आणि फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. डब्यावर एक रंगीत खूण असते: लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळी, निळी, आणि हिरवी सगळ्यात कमी. तीच खूण मी आपल्या पानावर मोठी करून घेतली होती, कारण धोका ठळक दिसायला पाहिजे. रंग छान जुळले होते. मला ते पान फार आवडलं होतं.

ते कागद घेऊन आपण अकोटला एका ओळखीच्या कृषी केंद्रात गेलो. दुकानात औषधांचा उग्र वास, बाहेर उन्हात उभ्या मोटारसायकली. टोपीवाले एक काका स्टुलावर बसले. तुम्ही कागद पुढे ठेवला. "काका, पराटीवर अळी पडली समजा. यातलं कोणतं घ्याल?"

काकांचं बोट एकदाही न अडखळता लाल खुणेवर गेलं. "हे."

मी तोंड उघडलंच. "काका, लाल म्हणजे जहर असते."

"मंग? जहरच पाहिजे ना बावा. अळी काय शिऱ्यानं मरते?"

सगळं दुकान हसलं. तुम्ही स्टुलाखालून माझा पाय दाबला आणि चहाचा घोट घेतला. हसू ओसरल्यावर हलक्या आवाजात विचारलंत, "आन् हे हिरवं?"

"ते त पाणी समजा. मारलं काय आन् नाही मारलं काय."

मागं उभी असलेली एक बाई म्हणाली, "लाल म्हणजे कडक, बाई. मिरचीसारखं." तिच्या मागच्यानंही लाल दाखवलं. त्याच्या मागच्यानंही.

परतीच्या गाडीत, अंजनगावजवळ, तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आपण धोका दाखवून राहिलो. त्याह्यले ताकद दिसून राहिली." थोड्या वेळानं परत, "पान सुंदर आहे, सुगत. आन् ते माणसाचं बोट धरून त्याले जहराकडं नेऊन राहिलं."

त्यानंतर तुम्ही जे काम केलंत ते मी जवळून बघितलं, हे माझं भाग्य. आपण बांधाबांधावर फिरलो. फवारा मारणाऱ्या माणसाला स्वतःची भीती दाखवून काही उपयोग नव्हता. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की तो हसायचा, "आमाले सवय आहे." पण एकदा तुम्ही सहज विचारलंत, "हे ओले कपडे घरी कोण धुते?" पंपाचा पट्टा धरलेला त्या माणसाचा हात तिथंच थांबला. म्हणाला, "पोरगी धुते." मग दुसऱ्या बांधावर तेच, तिसऱ्यावर तेच. स्वतःच्या अंगावर पडलेल्या विषाला न भिणारा माणूस बायकोच्या, मुलीच्या हाताचं नाव निघालं की थांबत होता.

म्हणून तुमच्या नव्या पानावर रंग नव्हते, डबे नव्हते. एक बादली, तिच्यात ओला सदरा, आणि बांगड्या घातलेले दोन हात. खाली आमच्याच भाषेत एक ओळ: 'फवाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यात टाकू नका.' मग तोंड आणि हात कसे झाकायचे, वारा कुठून येतो ते, आणि औषधाचं नाव सगळ्यात शेवटी. अकोटच्या त्याच दुकानात आपण ते दाखवलं तेव्हा टोपीवाल्या काकांचं बोट बादलीवर थांबलं. खूप वेळ थांबलं. तुमचा कप रिकामा झाला होता तरी तुम्ही तो तोंडाशी धरून बसला होतात.

कंपनीच्या साहेबांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, काम एक नंबर आहे. पण उघडल्याबरोबर आमचे डबे दिसले पाहिजेत. खूण तर डब्यावर आहेच. ही बादली मागं टाका."

"किती मागं?"

"शेवटी टाका ना."

तुम्ही कागदांची गुंडाळी केलीत आणि उठलात. "मग हे काम आमच्याच्यानं नाही होणार, सर." टेबलावरचा चहा तसाच राहिला.

आपलं भांडण तुमच्या ऑफिसच्या जिन्यातच सुरू झालं. मी म्हणालो, "बाजी, आपण उठून आलो, ते दुसऱ्याकडून करून घेतीन. लाल तसंच राहीन."

"राहीन. पण त्याच्यावर आपला हात नसन."

"आपला हात नसन, पण माणूस त असन. बसून बोललो असतो त बादली शेवटून मधात तरी आणली असती."

"आन् मंग मधातून पुढं कोण आणन? तू?"

"हो, मी. हळूहळू."

"हळूहळू जहर चढते, सुगतराव."

"आन् अक्कल बी हळूहळूच येते, बाजी."

तुम्ही एकदम थांबलात. मला वाटलं, आता चांगली बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "चहा पी." आणि वाद तिथं राहिला. पुढच्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका कंपनीसाठी माझं नाव तुम्हीच सुचवलंत. मी म्हणालो, माझ्यावर नाराज आहात म्हणून पाठवून राहिल्या काय? तुम्ही माझ्या बॅगेत चिवड्याचा डबा कोंबत म्हणालात, "तू माह्याशी भांडला म्हणून पाठवून राहिली. हो ला हो म्हणणारे मी इथंच ठेवते."

ते ॲप दुसऱ्या कोणी तरी केलं. उघडल्याबरोबर डबे दिसायचे, लाल खूण छान चमकायची. मी ते आमच्या गावात लोकांच्या फोनमध्ये बघितलं.

आणि मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी बोंडात शिरली होती, आणि लोक फवाऱ्यावर फवारे मारत होते. आमचा दादा रोजानं फवारायला जायचा. एका दुपारी तो शेतातच ओकू लागला, त्याला दिसेनासं झालं. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. मी पुण्याहून येईपर्यंत मला वाटेतल्या प्रत्येक स्टँडवर वाटत होतं की आता फोन येणार.

मी पोचलो तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर तुम्ही बसला होतात. अमरावतीहून सकाळीच आला होतात. माझ्या वहिनीला जेवू घातलं होतं, आईला झोपवलं होतं. तुमच्या पायाशी एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. "दादाचे कपडे आहेत," तुम्ही म्हणालात. "वहिनी धुवाले नेऊन राहिली होती. मी बांधून ठेवले."

दादाला संध्याकाळकडे बोलता यायला लागलं. मी विचारलं, काय मारलं होतं? तो म्हणाला, "लालच होतं. मालकानं कडक आणलं होतं."

तुम्ही दारात उभ्या होत्या. तुम्ही ऐकलंत, मी ऐकलं. त्या ॲपमुळे हे झालं असं मी कधी म्हणालो नाही. त्या मालकाकडं ते ॲप होतं की नव्हतं हेही मला माहीत नाही, आणि लाल म्हणजे कडक हे लोकांना ॲपच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी आपण दोघं त्या बाकावर परत येऊन बसलो तेव्हा जिन्यातला तो वाद आपल्या मधोमध येऊन बसला होता. तुम्ही म्हणू शकल्या असत्या, पाहिलं, अशा कामाला हात लावायचा नव्हता. मी म्हणू शकलो असतो, पाहिलं, उठायला नको होतं. तुम्ही थर्मासमधला चहा ओतून दिलात. तो संपेस्तोवर आपण गप्प राहिलो, आणि संपल्यावरही.

दादा वाचला. डाव्या डोळ्यानं त्याला थोडं धुरकट दिसतं. तुमची बातमी कळल्यावर तो म्हणाला, "मले दवाखान्यात पहिली तिचीच ओढणी दिसली होती. निळी."

पुढची वर्षं आपण फोनवर भेटलो. मी कधी तो विषय काढला की तुम्ही म्हणायच्या, "असा वाद फोनवर नाही करायचा. कागदावर लिही. कागदावर खोडावं लागते, म्हणून माणूस विचार करते." मी लिहीन म्हणायचो आणि कामाला लागायचो. तुमची तब्येत बिघडली, फोनच्या उजेडाचा डोळ्यांना त्रास व्हायला लागला, तेव्हा मी शेवटी बसून लिहिलं. माझ्याकडे आधीचा खोडाखोडीचा कागद आहे. तुमच्या उशीखाली गेलेलं पत्र त्याच्यावरूनच उतरवलेलं होतं. झोया म्हणाली, एका जागी हसल्या. मला वाटतं पहिल्याच ओळीला. तसं असेल तर तुम्ही फार पुढं गेला नसाल. म्हणून ते इथं पुन्हा उतरवतो, सगळं.

*

बाजी,

वालेकुम जय भीम.

तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही खरं सांगणार नाही. झोयाकडून कळतं. आई रोज विचारते. तुरीच्या शेंगा आल्या की पाठवणार म्हणते.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक मुलगी कामाला लागली. बुलढाण्याकडची आहे, मराठी शाळेतली. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, सर, या कामासाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. मी तिला म्हणालो, गप्प बसता येतं का? ती घाबरली. मी मग तिला तुमच्याबद्दल सांगितलं. पाटीकडे पाठ करून बसायचं, बोट बघायचं, चहा संपेस्तोवर बोलायचं नाही, आपलं आवडतं पान आपल्याच हातानं फाडायचं, आईला परीक्षक नेमायचं नाही. ती लिहून घेत होती. मी म्हणालो, लिहू नको, उद्या स्टँडवर जा.

तिनं मग विचारलं, सर, आणि काम चुकीचं असेल तर सोडून उठायचं की बसून सुधारायचं? मी म्हणालो, हे मला माझ्या गुरूला विचारावं लागेल. म्हणून हे पत्र.

मला अजूनही वाटतं की आपण त्या टेबलावर बसायला पाहिजे होतं. हे मी खोडून परत लिहितो आहे, म्हणजे विचार करून लिहितो आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. फवारणीचंच एक काम परत माझ्याकडे आलं, दुसऱ्या लोकांचं. मी तुमची बादली पुढं ठेवली. ते म्हणाले, मागं टाका. मी उठलो नाही. बसून राहिलो, महिनोन्महिने. शेवटी म्हणालो, मागं टाकणार असाल तर मी हे करणार नाही, आणि कागद गुंडाळले. तेव्हा त्यांनी मला थांबवलं. आता ती बादली पहिल्या पानावर आहे. दादाच्या फोनमध्ये आहे. वहिनी म्हणते, दादा आता स्वतःचे कपडे स्वतः धुतो, बांधावरच.

मग जिंकलं कोण? बसलो ते माझ्या हट्टानं. पण जे पुढं ठेवलं ते तुमचं होतं, आणि शेवटी कागद गुंडाळायला तुमच्याकडूनच शिकलो होतो. मला याचा निकाल लावता येत नाही. तुम्हाला येईल.

मी सुट्टी घेतली आहे. दिवाळीच्या आधी येतो. त्या जिन्यातला वाद आहे तिथून पुढं सुरू करू. चहा मी करीन. या वेळी कप संपेस्तोवर मी मधे एक शब्द बोलणार नाही, संपल्यावरही नाही.

बोला बाजी. मी ऐकून राहिलो.

तुमचा,
सुगत